दबलेली गादी

बसून बसून माणसं आजारी पडतात, म्हणून ऑफिसात तासातासाला घंटा वाजू लागली. घंटा झाली की सगळ्यांनी जरा वेळ उभं राहायचं.

"या वयात उठाबशा!" पगार विभागातल्या काकू कुरकुरल्या, पण उठल्या.

माणसं उठली, की खुर्च्यांच्या गाद्या फुस्स करून फुगत. काकूंची तेवढी दबलेलीच राही.

"वजन कमी करा, काकू," शेजारच्या टेबलावरची पोरगी हसायची.

काकूही हसायच्या, पण त्यांना चैन पडेना. त्यांनी गुपचूप कोपऱ्यातल्या खुर्चीशी अदलाबदल केली. जुनी खुर्ची कोपऱ्यात मजेत फुगू लागली. नवी काकूंकडे आली आणि दबून बसली.

आज घंटा वाजली तेव्हा काकू हट्टाने उठल्याच नाहीत. टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिल्या.

चहूकडे फुस्स, फुस्स झालं. मग काकू बसलेल्या असतानाच त्यांच्याखालची गादी सावकाश फुगत वर आली.

"बघा काकू, आज फुगली की नाही!" पोरगी म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी बोलत होती ती खुर्चीच्या मागे, जणू काकू तिथेच उभ्या असल्यासारखं त्यांच्या तोंडाच्या उंचीवर बघून.