पिवळे ठिपके

“डिझेल खराब आहे.”

डॉक्टरांनी इंजिनाचा खडखडाट जेमतेम दहा सेकंद ऐकला आणि निकाल देऊन टाकला. ते ट्रक विकणाऱ्या डीलरच्या वर्कशॉपमधले हेडमिस्त्री. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार सांगत, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते मनापासून आवडे.

“खराब डिझेलने इंजेक्टर गेले तर वॉरंटी मिळत नाही, ताई. उरलेलं दीड वर्षही गेलंच समजा.”

ट्रकवाली केबिनमध्ये चढली आणि बाटल्यांचं एक खोकं घेऊन उतरली. प्रत्येक बाटलीत पेलाभर डिझेल, वर चिकटवलेल्या कागदावर तारीख आणि पंपाचं नाव.

“दर वेळी टाकी भरली की थोडं काढून ठेवतो. गाडी मी आणि माझी नणंद आलटून पालटून चालवतो. आमचं सतरा गोष्टींवरून वाजतं, डिझेलवरून कधी नाही. यातली कुठलीही उचला.”

डॉक्टरांना हसू आलं. असली हौशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी एक बाटली उजेडात धरली, मग दुसरी, मग तिसरी. नवव्या बाटलीपाशी हसू मावळलं. एकीतही पाण्याचा थेंब नव्हता की तळाला गाळ नव्हता.

“मग उघडूनच बघू,” ते म्हणाले. रोग दुसरा निघाला तरी तो आपल्यालाच सापडणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

कव्हर निघालं. आत इंजिनात डिझेल फवारणारे सहा इंजेक्टर ओळीने बसलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक आकडे कोरलेले असतात. कोणता इंजेक्टर डिझेल जरा जास्त सोडतो, कोणता कमी, हे त्या आकड्यांवरून गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं. म्हणून ज्याची जागा त्यालाच द्यावी लागते. डॉक्टरांनी कॉम्प्युटरमधली यादी छापून घेतली आणि एकेक आकडा जुळवायला लागले. पहिला जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्याच्या जागी चौथा बसला होता आणि चौथ्याच्या जागी तिसरा. चार महिन्यांपूर्वी याच वर्कशॉपमध्ये ते साफ करून परत बसवले होते; तेव्हापासून इंजिन एकाचं माप दुसऱ्याला घालत होतं. तिसऱ्या जागेवरच्या इंजेक्टरचं तोंड जळून काळं पडलं होतं.

“हे कुठल्या गाढवाने—” म्हणत ते आणखी वाकले आणि इंजेक्टरच्या बोल्टांवरचं तेल बोटाने पुसलं.

बोल्टांवर पिवळे ठिपके होते. या वर्कशॉपमध्ये जो बोल्ट आवळेल त्याने आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, अशी शिस्त होती. लाल, हिरवा, निळा, पांढरा असे चौघांचे चार रंग. पिवळा डॉक्टरांचा. ही शिस्तही त्यांनीच लावली होती.

मॅनेजर आले, ठिपके बघून काय ते समजले आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन गेले.

“वॉरंटीच्या फॉर्मवर डिझेलच लिहा. वर्कशॉपची चूक म्हटलं की कंपनी हात वर करते, सगळं आपल्या अंगावर येतं. आणि तुमच्या नावाचं काय? लोक लांबून लांबून तुमच्या भरवशावर गाड्या आणतात. तिला काय कळतंय त्या आकड्यांतलं?”

डॉक्टरांना लाज वाटत होती. इतकी, की मॅनेजरचं म्हणणं त्यांना घटकाभर गोडही लागलं. पलीकडे ट्रकवाली एकेक बाटली पुसून खोक्यात परत ठेवत होती. तिला आकडे कळत नव्हते, हे खरंच होतं. पण आपल्याला कळले आहेत. आता कुठलंही इंजिन ऐकायला गेलो तरी आधी हेच ऐकू येणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

“फॉर्म द्या, साहेब,” ते म्हणाले.

त्यांनी तिथेच उभ्याने लिहिलं. बिघाडाचं कारण: तीन आणि चार नंबरच्या इंजेक्टरची अदलाबदल. बसवणारा: त्यांचं स्वतःचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मॅनेजर कपाळाला हात लावून ऑफिसात निघून गेले.

डॉक्टर ट्रकवालीपाशी आले.

“ताई, तुमच्या डिझेलला नाव ठेवायला जागा नाही. चूक माझी आहे. मागच्या खेपेला दोन इंजेक्टर मी एकमेकांच्या जागी बसवले. जळालेला बदलून देतो, पैसे लागणार नाहीत. वॉरंटी शाबूत आहे.”

आजूबाजूला बोल्ट आवळणारे पाने थांबले. ट्रकवालीने हातातलं फडकं खोक्यावर टाकलं. आता ही आवाज चढवणार, असं धरून डॉक्टर खाली मान न घालता उभे राहिले.

“आता कोण बसवणार?” तिने विचारलं.

“तुम्ही म्हणाल तो.”

“तुम्हीच बसवा.” तिने त्यांच्या हातातली यादी काढून घेतली आणि चाकावर पाय देऊन वर चढली. “पण आकडे मी वाचणार. तुम्ही इंजेक्टरवर बघून म्हणायचं, आणि मगच आवळायचं. पहिल्यापासून.”

“पहिला-दुसरा बरोबर आहेत, ताई.”

“असू देत.”

ती वाचू लागली. डॉक्टर म्हणू लागले. पहिला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला ती थांबली.

“नीट ऐकू नाही आलं. परत म्हणा.”

चारही मिस्त्री हातातलं काम सोडून बघत होते. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाकले, आणि साऱ्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात तिसऱ्याचे आकडे परत म्हटले.