कोटाच्या खिशातलं तिकीट

धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी साठी ओलांडलेली मी मुळाक्षरं गिरवायला बसले. एकेकाळी शिंप्याच्या दुकानात माझ्या शेजारी बसून काजं करणाऱ्या मैत्रिणीने आमच्या सोळाव्या वर्षावर कादंबरी लिहिली होती आणि आता ती अंथरुणाला खिळली होती. भेटायला गेले की विचारायची, "कुठवर आलीस गं?"

सहा महिन्यांनी तिचं पुस्तक वाचून संपलं.

"कसं वाटलं? खरं सांग."

"फिकं आहे गं. त्यातल्या पोरी सारख्या आकाश न् पंख करतात. आपण कधी असं बोललो?"

तिचा चेहरा पडला. "मग काय करायचो आपण?"

"कुणा बाईंचा नवा कोट शिवून झाला की आधी तू घालायचीस, मग मी. तशाच स्टेशनवर जायचो, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारख्या ऐटीत उभ्या राहायचो आणि गाडी आली की घरी. एकदा फलाटाचं तिकीट कोटाच्या खिशातच राहिलं, आणि दुकानात शिंपी मास्तरांनी..."

"कान पिळला! माझाच!" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "हे कसं विसरले मी? तू लिही हे."

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"असू देत. मी नीट करीन."

एक पान लिहायला मला नऊ दिवस लागले. माझी मैत्रीण आठव्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता गेली.