वहीला पाय

कुंभकोणमच्या शाळेत गोमती मिस तिसरीच्या वर्गाला इंग्रजीतून भांडण मिटवायला शिकवत होत्या. एकाने म्हणायचं, “आय ॲम सॉरी.” दुसऱ्याने म्हणायचं, “इट्स ओके.” सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, स्वामीमलैहून बसने येणारी सुष्मिता तेवढी गप्प. जूनपासून तिच्या तोंडून इंग्रजीचं अक्षर फुटलं नव्हतं. आज तर ती फळ्याकडेही बघेना, नजर जमिनीवर. असं काय दिसतंय हिला? मिसना राहवेना. त्यांनी तमिळमध्ये विचारलं. “मिस, माझी वही खाली पडलीय,” ती पुटपुटली, “तुमचा पाय आहे तिच्यावर.” मिसना आयतंच उदाहरण सापडलं. पाय बाजूला घेत त्या ऐटीत म्हणाल्या, “आय ॲम सॉरी!” सुष्मिता वहीकडेच बघत राहिली. अजून काय हवंय? मग मिस वाकल्या, वही उचलून त्यांनी दोन्ही डोळ्यांना लावली. सुष्मिता म्हणाली, “इट्स ओके, मिस.”