अर्धा वाटा

नव्या नर्सनं पहिल्या बाळंतिणीच्या अर्ध्या कळा आपल्या अंगावर घ्यायच्या, अशी प्रसूतिकक्षाची रीत होती. वृंदानं वेदना वाटून घेणाऱ्या पट्ट्याचं एक टोक अनसूयेच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या. ओटीपोट पिळवटलंच, पण त्याआधी बरगडी ठणकली, गळ्याभोवती बोटांचे वळ जळू लागले.

“बाई, सोडा तो पट्टा,” अनसूया कळवळली. “मी जिन्यावरनं पडले होते.”

“जिन्याला बोटं असतात होय गं?” वृंदानं दात आवळून कळा सोसल्या.

बाळ रडलं. नवरा हसत आत आला, “लेकरू बघू द्या की!”

वृंदानं आपल्याकडचं पट्ट्याचं टोक सोडून त्याच्या मनगटावर करकचून आवळलं. बरगडी धरून तो गुरासारखा हंबरत फरशीवर कोसळला.

अनसूया बाळाला पदराखाली घेऊन ऐकत राहिली.