रंगीचा वाटा

रंगी पाण्याच्या वाडग्यापाशी गेली, लपलप प्यायली, व्हरांड्यात एक फेरी मारून आली, पुन्हा वाडग्याकडं गेली. तारामतीबाई मटार सोलता सोलता तिच्याकडं बघत होत्या. म्हातारी कुत्री ती; रविवारचं जेवण झालं की पायरीवर अंग टाकायची आणि ऊन उतरेपर्यंत हलायची नाही. आज तिला बसवतच नव्हतं.

"काय गं बाई, कुणाची वाट बघतीस?"

रंगी थांबली. कपाळावर तळीचा भंडारा अजून पिवळाधमक होता. मागचे पाय थरथरत होते.

आतून सून योगिनी आली. तिच्या हातात सोनेरी कागद होता. "आत्याबाई, अर्धं चॉकलेट कुठं गेलं?"

"कुठं म्हंजे? रंगीचा वाटा दिला की."

हे खंडोबाचं घर. घरात काहीही गोडधोड आलं की आधी देवाला, मग दारच्या कुत्र्याला, मग माणसांना. नातवाला, हर्षवर्धनला, नोकरी लागली. पेढे नक्को आजी, म्हणत तो आबिड्सच्या बाजारातून चॉकलेट घेऊन आला होता. आजोबांना शुगर, म्हणून मुद्दाम काळं, कडू, कमी गोडाचं. तारामतीबाईंनी ते तळीच्या ताटात ठेवलं, भंडारा उधळला, आणि दर रविवारी म्हणायच्या तेच म्हटलं:

पहिला गं माझा घास
खंडेरायाच्या ताटाला
दुसरा गं माझा घास
त्याच्या दारीच्या कुत्र्याला

कडू लागलं म्हणून माणसांनी एकेक तुकडा तोंडात टाकून हात आखडला. रंगीनं मात्र ताटली चाटून लख्ख केली. त्याचं तारामतीबाईंना तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं.

योगिनी फोनवर बोलत होती. "हौ, काळंच... अर्धी वडी, मोठी होती... वजन दहा किलो असेल... दोन तास होत आले." तिनं फोन ठेवला. "ताबडतोब घेऊन या म्हणाल्या डॉक्टर. चॉकलेट कुत्र्यांना विष असतं म्हणे, त्यातून काळं जास्तच. हृदयावर जातं. घरी तूप-बीप काही पाजू नका, म्हणाल्या. दवाखान्यात इंजेक्शन देऊन ओकवतील."

आरामखुर्चीतल्या प्रतापरावांनी पेपर खाली घेतला. "ओकवतील? प्रसाद?"

"मामंजी, विष आहे ते तिला."

"देवापुढं ठेवलेलं विष कसं होईल? आजवर ह्या घरात प्रसादानं कुणाला काय झालंय? तळीचा प्रसाद ओकवायचा नसतो, योगिनी. पडू दे तिला. संध्याकाळपर्यंत उतरंल."

"संध्याकाळपर्यंत ती..." योगिनी म्हणाली.

दोघंही तारामतीबाईंकडं बघू लागले. त्या रंगीकडं बघत होत्या. बरगड्यांखाली कातडं थडथड उडत होतं, आतून कुणी दार वाजवावं तसं. ताटात काय आहे ते त्यांनी कधी निरखलं नव्हतं. एकदा देवापुढून आलं, त्यात निरखायचं काय?

त्यांनी मटाराची परात सारली, रंगीला पदरात घेतलं आणि उठल्या. "योगिनी, ऑटो बोलव."

"तारा, पाप आहे ते," प्रतापराव म्हणाले.

"असंल. पापाला उद्या पण उतारा मिळतो."

विद्यानगरच्या गल्ल्यांतून ऑटो उड्या मारत निघाला. रंगीचं डोकं तारामतीबाईंच्या दंडावर होतं. सवयीनं घासाची ओवी त्यांच्या ओठांवर आली. त्यांनी ओठ मिटले.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं रंगी ओकली. काळं, घट्ट, त्यात भाकरीचे तुकडे. मग पुन्हा ओकली. डॉक्टर तरुण तेलुगू मुलगी होती. तिनं सलाइन लावलं, नळी कानाला लावून बराच वेळ ऐकलं.

"अम्मा, इत्ता कैकू खिलाए?"

"भगवान के सामने रखे थे," तारामतीबाई म्हणाल्या.

डॉक्टरनं मान वर केली नाही. "भगवान को चलता, अम्मा. इसको नहीं चलता." मग म्हणाली, "टैम पे लाए. शाम तक यहींच रहने दो, देखेंगे."

तेवढ्यात दारात प्रतापराव दिसले. घरातला सदरा, गुंड्या उघड्या. पाठोपाठ दुसरा ऑटो करून आले असावेत.

"निघालं का सगळं?"

"निघालं म्हणतात."

ते टेबलापाशी आले. रंगीनं शेपटीचं टोक हलवलं. त्यांनी तिला हात लावला नाही. झाडणारी बाई ओकारीचा स्टीलचा ट्रे उचलून कचऱ्याच्या डब्याकडं निघाली होती, तिला ते म्हणाले, "रुको. इधर देओ."

"गंदा है, साब."

"मालूम है."

त्यांनी चपला काढल्या, ट्रे दोन्ही हातांत घेतला आणि मागच्या दारानं अंगणात गेले. तारामतीबाईंना खिडकीतून दिसत होतं. कडुनिंबाखाली ते दुखरा गुडघा धरून खाली बसले, खापराच्या तुकड्यानं माती उकरली, ट्रे त्यात रिता केला, वरून माती लोटली आणि नमस्कार केला.

भिंतीकडून एक गल्लीतलं कुत्रं आलं. नाक खाली लावून ताज्या मातीचा वास घेऊ लागलं.

"हाड्," प्रतापराव म्हणाले. ते दोन पावलं मागं सरलं, तिथंच उभं राहिलं. मग प्रतापराव त्या मातीवर स्वतःच मांडी घालून बसले.