दोऱ्याचा रंग

“कोर्टात जरा बिचारी दिस, आई,” लेकानं बजावलं होतं. “बिचारी असेल तुझी सासू!” म्हातारी फणकारली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डॉक्टरच्या हलगर्जीपणानं तिचे दोन्ही डोळे गेले होते. भरपाईच्या दाव्यात डॉक्टरचा वकील म्हणाला, “आजींना चांगलं दिसतं, साहेब!” आणि त्यानं तिच्या हातात सुईदोरा ठेवला. जन्मभर शिवणकाम केलेल्या बोटांना राहवेना. दोरा जिभेनं ओला करून तिनं झटक्यात ओवला. “डोळे गेलेत, मेल्या, हात नाही गेले!” लेकानं कपाळ धरलं. न्यायाधीशांनी हलकेच विचारलं, “दोऱ्याचा रंग कोणता, आजी?” तिच्या अंधारात नातीचा फ्रॉक तरंगत आला, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मशीनवर अर्धा राहिलेला, तळ्याच्या पाण्यासारखा हलणारा. “निळा,” ती स्वप्नातल्यासारखी हसली. न्यायाधीशांनी तिच्या हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं आणि निकाल लिहायला घेतला. “आई, जिंकलो,” लेक कुजबुजला. ती दोरा चाचपत राहिली. “मग कोणता होता रे?”