शेपूट

"पाल चावली वो पोरीला! वाल्मीक, गाडी काढ!"

गोजरबाईंच्या आरडाओरड्यानं प्रियदर्शनी ब्रश टाकून आत धावली. राणीसावरगावच्या डोंगरातल्या पालींचा अभ्यास करायला ती आली होती आणि गोजरबाईंच्याच घरी राहत होती. म्हातारीचा लेक नि सून ऊसतोडीला गेलेले. लहानगी नात मनिषा आजीजवळ. पोरीला काही झालं तर लेकाला तोंड कसं दाखवू, या धास्तीनं गोजरबाई सदा जीव मुठीत धरून असायच्या.

मनिषा जमिनीवरच्या वाकळीवर बसली होती. उशाशी एक शेपूट पडली होती. नुसती शेपूट, पालीचा पत्ता नाही.

प्रियदर्शनीनं ती भिंगाखाली धरली. तांबूस कडी, प्रत्येक कड्यावर टोकदार खवल्यांची रांग. अगदी तीच! अशी पाल तिला इतक्या दिवसांत एकदाच सापडली होती. तिचे सर म्हणाले होते, एकीवरून नवी जात ठरत नाही. दुसरी आण, खवले जुळव, जनुकं तपासू, मग बोलू.

"आजी, घाबरू नका. आपल्याकडची कुठलीच पाल विषारी नसते."

"तुमी शिकलेल्या, बाई. पण पोरीच्या पोटात दुखायलंय. डोळे बगा की, मिटायलेत."

"तुमच्या ओरडण्यानं घाबरलीय ती. चावल्याची खूण तरी आहे का कुठं?"

खूण सापडली नाही. मनिषाला काही चावल्याचं आठवतही नव्हतं.

"मला झोपायचंय," ती जड जिभेनं म्हणाली.

दारात वाल्मीकची जीप घुरघुरत उभी होती. सकाळच्या वेळी गावात तेवढीच गाडी. गोजरबाई एकदा जीपकडे, एकदा नातीकडे बघत राहिल्या.

"न्यावं का वो दवाखान्यात? मला लय भ्या वाटायलंय."

"काही होणार नाही, आजी. माझा शब्द आहे. निजू द्या तिला."

एवढी शिकलेली पोरगी शब्द देते म्हटल्यावर म्हातारीनं मान डोलावली.

आणि गाडी आयतीच दारात. परभणीची बस गाठली तर शेपूट आजच प्रयोगशाळेच्या वाटेला लागणार होती. प्रियदर्शनीनं ती स्पिरिटच्या कुपीत टाकली आणि त्याच जीपनं गंगाखेडला निघाली. आनंद नुसता पोटात मावत नव्हता.

गंगाखेड दिसायला लागलं तसं वाल्मीकनं विचारलं, "ताई, एवढी शेपूट तुटती कशी वो?"

"तुटत नाही, पाल स्वतःच टाकते," ती हौसेनं सांगू लागली. "कुणी धरलं की शेपूट त्याच्या तोंडी देऊन पळते. उगाच कधीच टाकत नाही. धरणारं कुणीतरी..."

पोर तर रात्रभर झोपलेली होती; मग पालीला धरलं कुणी?

"काय झालं, ताई?"

फोन वाजला. गोजरबाईंचा.

"ताई, पोरीला बाजंवर निजवून वाकळ झटकली, तर मण्यार निघाली वो खालून! पोरगी हाका मारून बी डोळे उघडंना." मग म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला. "गाडी तुमच्यापाशीच हाय न्हवं?"